धुराड्याची उंची

माणसाला कशाचंही व्यसन लागू शकतं. मला रिकामे रकाने भरण्याचं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी केली आणि त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून काढली, की हाताला दुसरं काही सुचेनासं होतं. एकदा दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंच्या फॉर्मवर ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना कोरा दिसला. त्या औषधं आणायला उठल्या तेवढ्यात मी त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घेऊन तो भरून टाकला. त्या प्रकरणाविषयी आमच्या घरात अजून बोललं जातं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं त्यात माझा दोष किती आणि स्वभावाचा किती, याचा निवाडा वाचणाऱ्यानं आपला आपण करावा.

छपरावर सूर्याची वीज बसवायची कल्पना माझी नव्हती, बायकोची होती. ती शिवणकाम करते. आजवर शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करणं, पडद्यांना दुमड घालणं, असली किरकोळ कामं यायची. मग एका शाळेनं नव्या प्रयोगशाळेसाठी साठ पांढरे कोट शिवायला दिले. कोट ठरल्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचले, तर वर्षभराचं गणवेशांचं कामही हिलाच मिळणार होतं. नाही पोचले, तर दुसरा एक शिंपी शाळेच्या दारात टेप गळ्यात अडकवून उभाच होता. तेव्हा विजेवर चालणारं एक नवं मशीन आलं, काज करायचं दुसरं मशीन आलं आणि इस्त्री दिवसभर तापलेली राहू लागली.

“छपरावर एवढं ऊन पडतंय,” ती म्हणाली, “ते काय नुसती स्लॅब तापवायला?”

मी कधी नव्हे तो लगेच हो म्हणालो. पॅनेलवाला आला, त्यानं आठ निळी पॅनेलं छपरावर चढवली, जिन्याखाली एक पांढरी पेटी ठोकली आणि म्हणाला, “झालं साहेब. आता कंपनीला कळवायचं, की ते घरात येणारी आणि घरातून जाणारी अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर बसवून देतात. फॉर्म मी भरतो, तुम्ही नुसती सही करा.”

“फॉर्म तुम्ही भरणार?” मी विचारलं. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं पेन खिशात परत ठेवलं.

पॅनेलवाल्याबरोबर वीज कंपनीच्या कचेरीत गेलो, तर खिडकीपाशी दोन गठ्ठे ठेवलेले होते. एक होता ‘घरगुती ग्राहक’ असा. अर्धं पान, सहा रकाने. कागदही पिवळट. दुसऱ्यावर लिहिलं होतं, ‘वीज उत्पादक’. चौदा पानं, एकशे बारा रकाने, चार परिशिष्टं आणि वर जाड कागदाचं आवरण. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी वीज उत्पन्न करत होतो की नव्हतो? मग उत्पन्न करणाऱ्यानं स्वतःला ग्राहक का म्हणवून घ्यायचं?

“साहेब, तो फॉर्म मोठ्या लोकांचा आहे,” पॅनेलवाला हळूच म्हणाला.

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मी चौदा पानी फॉर्म उचलला.

दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही. केंद्राचं नाव, केंद्रप्रमुखाचं नाव, क्षमता मेगावॉटमध्ये (शून्य पूर्णांक तीन सहस्रांश, हे मी अक्षरीही लिहिलं), केंद्राकडे येणारा रस्ता जड वाहनांस योग्य आहे काय (शेजाऱ्यांची स्कूटर हलवल्यास होय). एकशे बारा रकान्यांत एक खाडाखोड नाही. खिडकीतल्या माणसानं पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पानं उलटली आणि शिक्का मारला. बाहेर पडताना माझी चाल बदलली होती, असं पॅनेलवाल्यानं नंतर बायकोला सांगितलं.

दहा दिवसांनी पहिलं पत्र आलं. ‘प्रति, केंद्रप्रमुख’ असं त्यावर टाइप केलेलं होतं. पोस्टमननं दारात दोनदा विचारलं, हेच घर ना म्हणून. मी पाकीट तीन दिवस टेबलावर दर्शनी ठेवलं, त्यामुळे आत काय आहे ते चौथ्या दिवशी कळलं. माझ्या अर्जात त्रुटी निघाली होती. रकाना त्रेसष्ट, धुराड्याची उंची. तिथं मी ‘नाही’ लिहिलं होतं. ‘नाही ही उंची होऊ शकत नाही, कृपया मीटरमध्ये कळवावे,’ असा शेरा होता.

बरोबर होतं त्यांचं. मीही हेच म्हटलं असतं. मी ‘शून्य’ असं लिहून पाठवलं.

त्यावर उलट टपाली उत्तर आलं, की शून्य मीटर उंचीचं धुराडं जमिनीलगत धूर सोडेल आणि त्यामुळे परिसरातील रहिवाशांना त्रास संभवतो. सबब रहिवाशांचं ना-हरकत पत्र जोडावं.

आमच्या पलीकडे एक निवृत्त सर्वेअर राहतात. त्यांना सगळी गल्ली ‘खात्रीवाले’ म्हणते, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते ‘खात्रीनं सांगतो’ असं म्हणतात. मी त्यांच्याकडे सही मागायला गेलो.

“तुमच्या धुराड्याला माझी हरकत नाही,” ते म्हणाले, “पण आहे कुठं धुराडं?”

“नाहीये.”

“मग सही कशावर करू? असं करा, स्वयंपाकघराच्या वर छोटंसं एक बांधून घ्या. चार फूट पुरे. बांधलं की उंची लिहिता येते. मिटतं सगळं. खात्रीनं सांगतो.”

मी गवंड्याला विचारायला निघालोही होतो. बायको मशीनवरून उठली, दारात आडवी उभी राहिली आणि फक्त “घरात या” एवढं म्हणाली. मी घरात आलो.

शेवटी ‘लागू नाही’ असं लिहिलं. लागू आहे की नाही हे अर्जदारानं ठरवायचं नसतं, असं त्यांनी कळवलं आणि धुराड्याचा विषय ‘विचाराधीन’ ठेवून माझं केंद्र तात्पुरतं सुरू असल्याचं मान्य केलं. त्या दिवशी संध्याकाळी मी छपरावर एक फेरी मारली. केंद्रप्रमुखानं पाहणी करायला हवी, असं मला वाटलं.

आणि मग फोन सुरू झाले. कंपनीचा म्हणे एक नियंत्रण कक्ष असतो. सगळ्या वीज केंद्रांनी उद्या किती वीज देणार ते आज तिथं कळवायचं असतं. तेही ढोबळ नाही. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासमोर आकडा लिहायचा. शहाण्णव रकाने, रोज! मी मनात म्हटलं, या कंपनीत आपण आधीच नोकरीला लागायला हवं होतं.

“केंद्रप्रमुख साहेब का?” फोनवरचा आवाज थकलेला पण सभ्य होता. “नियंत्रण कक्षातून बोलतोय. तुमचं केंद्र माझ्या पडद्यावर शून्य दाखवतंय. बंद आहे का?”

“छे! पूर्ण जोरात चालू आहे.”

“किती?”

“शून्य पूर्णांक तीन सहस्रांश.”

“माझ्या पडद्यावर एकच दशांश दिसतो,” तो म्हणाला.

“मग पडदा बदला,” मी म्हणालो. आता मागे वळून पाहता हे जरा जास्त झालं असं वाटतं.

पण माणूस चांगला होता. रोज सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. संध्याकाळी सहानंतरच्या सगळ्या तुकड्यांत उत्पादन शून्य का, याचं कारण त्यानं विचारलं. मी ‘सूर्य नाही’ असं लिहून दिलं. हा बिघाड कायमचा आहे का तात्पुरता, असं वरून विचारणा झाली. मी ‘रोजचा’ असं कळवलं. ढगांचा अंदाज खात्रीवाल्यांकडून घ्यायचो. ते गच्चीत उभे राहून नाक वर करत आणि म्हणत, “उद्या साडेदहा ते बारा ढग. खात्रीनं सांगतो.” दुसऱ्या दिवशी साडेदहा ते बारा असं लख्ख ऊन पडायचं की माझं उत्पादन कबुलीपेक्षा जास्त व्हायचं आणि मला ‘अनपेक्षित वीज का निर्माण केली’ याचा खुलासा द्यावा लागायचा.

एका रविवारी दुपारी उत्पादन धाडकन निम्म्यावर आलं. मी धावत वर गेलो. बायकोनं धुतलेले बारा कोट छपरावर दोरी बांधून वाळत घातले होते आणि त्यांची सावली नेमकी पॅनेलांवर पडली होती.

“अगं, केंद्र बसलं ना!” मी ओरडलो.

“बसू दे. कोट वाळू देत,” ती खालून म्हणाली.

खुलाशात मी लिहिलं, ‘कारण: कोट.’ नियंत्रण कक्षातून फोन आला. “कोट म्हणजे काय साहेब? तांत्रिक शब्द आहे का?”

“पांढरे कोट. कापडी.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्यानं ते लिहून घेतलं.

याच सुमारास सुट्टीच्या एका भर दुपारी गल्लीतली वीज गेली. पाचेक मिनिटांत खात्रीवाले फोन आणि चार्जर घेऊन आले. त्यांच्यामागे आणखी तिघं. तुमच्याकडे आहे ना वीज, म्हणून. आमच्याकडेही पंखा बंद, मशीन बंद. मला काही कळेना. पॅनेलवाल्याला फोन केला तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं, की बाहेरची वीज असेल तरच छपरावरची चालते. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये, म्हणून ती पेटी आपोआप बंद होते. हे त्यानं आधीही सांगितलं होतं म्हणे, पण त्या वेळी मी फॉर्म वाचत होतो. केंद्रप्रमुखाच्या घरात चार शेजारी हातात चार्जर घेऊन घाम पुसत उभे होते. बायकोनं सगळ्यांना पाणी दिलं.

आणि मग कोट द्यायच्या आठवड्यात, सोमवारी, ते पत्र आलं.

पत्र चार ओळींचं होतं. एकाच पत्त्यावर वीज केंद्र आणि घरगुती ग्राहक असे दोन्ही असू शकत नाहीत. सदर पत्त्यावर वीज केंद्र कार्यरत असल्याचे केंद्रप्रमुखांनी स्वतःच्या सहीने कळवले आहे. सबब त्या पत्त्यावरील घरगुती जोडणी गुरुवारी सकाळी तोडण्यात येईल.

मी ते दोनदा वाचलं. बाहेरची जोडणी तोडली, की पेटी बंद. पेटी बंद झाली, की छपरावरची वीज बंद. म्हणजे मशीन बंद, काज बंद, इस्त्री बंद. साठातले पस्तीस कोट तयार होते, पंचवीस राहिले होते. बायको मान वर न करता शिवत होती. गेले आठ दिवस ती पहाटे मशीनवर बसत होती. पाठीला उशी, बोटांना चिकटपट्ट्या. “कंपनीचं पत्र आहे का?” तिनं विचारलं. “नेहमीचंच,” मी म्हणालो.

मंगळवारी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून वीज कंपनीत गेलो. वर्गीकरण विभागाच्या बाई होत्या. वयानं माझ्याएवढ्या, चष्मा दोरीला बांधलेला, टेबल इतकं नीटनेटकं की पाहूनच बरं वाटावं. त्यांनी माझी फाइल काढली. ती चांगली चार बोटं जाड झाली होती.

“फार सुंदर भरलाय हो फॉर्म,” त्या म्हणाल्या. “सतरा वर्षांत असा पाहिला नाही.”

मी खाली पाहिलं. असं कौतुक माझं घरातही कधी झालेलं नाही.

“पण हा तुमचा नव्हेच,” त्या पुढे म्हणाल्या. “हा शंभर-दोनशे मेगावॉटवाल्यांचा. तुम्ही एक करा. साध्या कागदावर एक ओळ लिहून द्या, चुकीचा फॉर्म भरला म्हणून. मी आत्ता तुम्हाला ग्राहकात टाकते. जोडणी राहील, नवा मीटर आठ दिवसांत येईल. संपलं.”

एक ओळ. कागद त्यांनी पुढे सरकवला. पेनही दिलं.

सव्वीस वर्षं मी लोकांकडून अशी ओळ लिहून घेतली आहे. नाव चुकलं, तारीख चुकली, मुलाच्या जागी बापाचं वय घातलं. लिहा, चूक झाली म्हणून. लोक मुकाट्यानं लिहितात. पण माझ्या फॉर्ममध्ये चूक नव्हती. एकशे बारा रकाने, खाडाखोड नाही.

“फॉर्म बरोबर भरलाय,” मी म्हणालो.

“बरोबरच भरलाय. पण चुकीचा फॉर्म बरोबर भरलाय.”

“तुमच्या गठ्ठ्यावर तसं लिहायला हवं होतं,” मी म्हणालो आणि उठलो. काय म्हणून उठलो, ते आज मला सांगता येत नाही. कानशिलं गरम झाली होती एवढं आठवतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, तर म्हणालो, “चाललंय. वरपर्यंत जावं लागेल.”

गुरुवार-शुक्रवार मी रजा टाकली होती. गुरुवारी साडेनऊला वायरमन शिडी घेऊन दारात उभा राहिला. तयार कोट अठ्ठेचाळीस होते. बायकोला मी आदल्या दिवशीही काही बोललो नव्हतो. वायरमननं कागद दाखवला तेव्हा तिचा चेहरा पाहून मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

“आज?” तिनं विचारलं. “बारा कोट राहिलेत हो दादा. उद्या द्यायचेत.”

“ताई, मला कागद दिलाय,” तो कानकोंडा होऊन म्हणाला आणि शिडी भिंतीला टेकवू लागला.

तेवढ्यात दहा वाजले आणि फोन वाजला. “केंद्रप्रमुख साहेब, आजचे शहाण्णव पाठवले नाहीत तुम्ही.”

“आज केंद्र बंद होतंय,” मी म्हणालो.

“बंद? असं कसं बंद?” थकलेला माणूस प्रथमच चढ्या आवाजात बोलला. “केंद्र बंद करायला आठ दिवस आधी लेखी सूचना लागते! माझ्या वेळापत्रकात आहात तुम्ही. कोण बंद करतंय? द्या त्याला फोन.”

वायरमननं फोन घेतला. थोडा वेळ “हो साहेब, नाही साहेब” झालं. मग तो म्हणाला, “माझ्याकडे तोडायचा कागद आहे.” तिकडून ऐकू आलं, “आणि माझ्याकडे न तोडायचा आहे!” मग दोन विभाग एकमेकांना फोन करू लागले. वायरमननं शिडी खाली ठेवली, चपला काढल्या आणि निकाल लागेपर्यंत आत येऊन बसला.

बायकोनं त्याला चहा दिला आणि पुन्हा मशीनवर बसली. कुणाकडेही न बघता शिवत होती. अकराच्या सुमारास वायरमन म्हणाला, “ताई, बटणं लावू का? मला येतात.” त्यानं खरोखरच सफाईनं लावली. मी धागे कापत होतो. माझ्या मनात, खोटं कशाला सांगू, थोडा ताठा परत आला होता. नियंत्रण कक्ष आपल्या बाजूनं भांडतोय! शेवटी केंद्र ते केंद्रच. दुपारी दोनपर्यंत तीन कोट झाले.

अडीचला फोन वाजला. माझ्या हातात कात्री होती, म्हणून बायकोनं उचलला. वर्गीकरणाच्या बाई होत्या. ही नुसती ऐकत होती. मग म्हणाली, “एक ओळ?” पुन्हा ऐकलं. “मंगळवारी सांगितलं होतंत?” आणि मग, “बरं बाई, ठेवते.”

ती मशीनवर परत आली, बसली, पण मशीन सुरू केलं नाही. वीज होती. तिनं पाय पेडलवर ठेवलाच नव्हता.

“वरपर्यंत जायचं होतं ना?” ती म्हणाली. “टेबलापर्यंतच होतं.”

वायरमननं बटणाच्या डबीत डोकं घातलं.

मी सबबी शोधल्या. एकही सापडली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि त्यात रागापेक्षा दमणूक जास्त होती. तेच मला बघवेना. माझ्या एका ओळीसाठी हिच्या साठ कोटांवर पाणी पडणार होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. मी कागद घेतला आणि लिहू लागलो: ‘मी अनवधानानं उत्पादकाचा फॉर्म भरला.’

तिनं वाकून वाचलं. “अनवधानानं? दोन दिवस भरत होतात. पट्टी लावून.”

“मग काय लिहू?”

“खरं ते लिहा.”

मी खोडलं. आयुष्यातली माझी ही पहिली खाडाखोड. आणि लिहिलं: ‘मी साधा ग्राहक आहे. उत्पादकाचा फॉर्म मी मोठेपणासाठी भरला. चूक माझी आहे. तरी माझी नोंद ग्राहकात करावी, ही विनंती.’ खाली सही केली, सहीखाली नेहमी ऐटीत देतो ती दोन टिंबं त्या दिवशी दिली नाहीत. वायरमननं कागद घडी करून खिशात घातला, शिडी उचलली आणि निघाला. दारातून वळून म्हणाला, “ताई, दोन कोटांची बटणं राहिलीत. येऊ का उद्या?”

चारला बाईंचा फोन आला, जोडणी राहील म्हणून. मशीन त्याआधीच सुरू झालेलं होतं.

शुक्रवारी दुपारी साडेचारला साठावा कोट इस्त्रीखालून निघाला. गठ्ठे मी उचलले, रिक्षात माझ्या मांडीवर चाळीस कोट होते आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. मुख्याध्यापिकांनी एकेक शिवण उलटून पाहिली, काजात बोट घालून पाहिलं आणि बायकोला म्हणाल्या, “गणवेशाचं कापड सोमवारी पाठवते.” ती परत येताना रिक्षात झोपली. मी खांदा हलवला नाही.

नियंत्रण कक्षातला माणूस एकदा शेवटचा बोलला. उद्यापासून आकडे नकोत, म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, “दोनशे मेगावॉटवाले मला उभंही करत नाहीत साहेब. तुमचे आकडे मात्र वेळेवर यायचे.” मी त्याला घरी चहाला बोलावलं.

पंधरा दिवसांनी नवा मीटर आला आणि त्याच्याबरोबर कंपनीचं उत्तर. माझा अर्ज तिथं कुणीतरी अगदी शब्दशः घेतला होता.

‘विषय: आपला मोठेपणा रद्द करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या अर्जातील मजकूर या कार्यालयाने तपासला असता त्यात तथ्य आढळून आले आहे. सबब आपला मोठेपणा अर्जाच्या दिनांकापासून कायमस्वरूपी रद्द करण्यात येत असून, यापुढे आपणांस साधे समजण्यात येईल. याबाबत काही हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे.’

बायकोनं ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं, आणि मग खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती.

“आहे का हरकत?” तिनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. आणि खरंच नव्हती.

“मग उद्या रजा टाका. शाळेत मापं घ्यायचीत, तीनशे मुलं आहेत. मी टेप धरीन, तुम्ही लिहून घ्या.”